बुद्रुक नव्हे, खुर्द

“बघितलं का ऐकलं?”

आधी चष्मा कपाळावर जायचा आणि विभूतीच्या पट्ट्यांवर टेकायचा. मग डावा तळहात समोरच्याच्या छातीपुढं उभा राहायचा, चौकातला पोलीस गाडी थांबवतो तसा. आणि मग हा प्रश्न. समोरचा कितीही तावातावानं काही सांगत आलेला असो, त्या तळहातापाशी थांबायचाच. बहुतेकांना तिथंच आठवायचं की आपण बघितलेलं काहीच नाही. कसनुसं हसून ते पेपर घ्यायचे आणि चालू लागायचे.

सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. पुरं नाव सांगत नाही. त्या वर्षांत लातुरात ज्यांनी सकाळचा पेपर विकत घेतला त्यांना ते सांगायची गरज नाही, आणि बाकीच्यांना आप्पा एवढं पुरे. तुमच्याही गावात असा कुणी असेल, ज्याच्या शब्दावर लोक उगीचच विश्वास ठेवतात. ‘उगीचच’ हा माझा त्या दिवसांतला शब्द.

मी तेव्हा सरकारी बातमीपत्रकं लिहिण्याच्या नोकरीत होतो. मूळचा अर्धापूरचा, केळीच्या बागांतला. शिकलो नांदेडला, मराठी घेऊन एम. ए. झालो. लातूर जिल्हा नवा झाला तशी माझी तिकडं बदली झाली. नव्या जिल्ह्याला कलेक्टर लागतो, तसा सरकारनं काय काय केलं हे लोकांना कळवणारा माणूसही लागतो. तो मी. कार्यालय म्हणजे एका व्यापाऱ्याच्या घराच्या पुढच्या खोल्या. मागच्या बाजूला त्यांची म्हैस बांधलेली असायची, आणि पत्रक टाइप होत असताना ती मधूनच हंबरायची.

जिल्हा झाल्याचा गुलाल भिंतींवर अजून दिसत होता. ज्याच्या त्याच्या तोंडी ‘आता जिल्हा झाला’ हेच. रस्ता होईल, आता जिल्हा झाला. मोठा दवाखाना येईल, आता जिल्हा झाला. पावसाला मात्र ही बातमी कुणी सांगितली नसावी. एका वर्षी तो कमी पडला, पुढच्या वर्षी त्याहून कमी, आणि मग लोक पाण्यासाठी मांजरेच्या कोरड्या पात्रात झिरे खणू लागले.

घर लावलं तेव्हा पेपर सुरू करायला मी आप्पांच्या दुकानावर गेलो. जुन्या स्टँडसमोर लाकडी फळ्या ठोकून केलेलं दुकान. आत पाट्या, पेन्सिली, दप्तरं, आणि ओट्यावर पेपर. नांदेडच्या एका दैनिकाचे ते एजंटही होते आणि वार्ताहरही. म्हणजे बातमी लिहायची यांनीच, आणि सकाळी ती लोकांच्या हातात द्यायचीही यांनीच. मी ओळख करून दिली आणि बोलता बोलता सांगितलं की शहराची नवी पाणीयोजना मंजूर झाली. तळहात वर आला.

“बघितलं का ऐकलं?”

“मीच लिहिलंय ते,” मी म्हणालो.

“म्हंजे ऐकलं,” आप्पा म्हणाले, आणि माझा पत्ता विचारला.

माझं मराठी चांगलं होतं. माझ्या पत्रकातलं वाक्य कधी लंगडायचं नाही. ‘युद्धपातळीवर’ हा शब्द मी टाळायचो, कारण तो सगळेच वापरायचे. पेपरवाले माझी पत्रकं काना-मात्रा न बदलता छापायचे. आणि ती कुणीही वाचायचं नाही.

आप्पांच्या लिहिण्यात ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नसायचा. ‘सदरहू’ शब्द ओळीओळीला. मथळा असा की वाचणाऱ्याला झोप यावी: ‘अमुक गावी पाणी नाही.’ खाली मजकूर थोडाच, तोही वाळलेल्या खारकेसारखा. पण शेवटी एक ओळ ठरलेली असायची. एक तर ‘हे वार्ताहराने स्वतः पाहिले आहे’, नाहीतर ‘हे ऐकीव आहे, पाहून कळवू’. लोक पेपर हातात पडला की आधी ती शेवटची ओळ शोधायचे.

आणि ‘पाहून कळवू’ लिहिलं की हा माणूस खरंच जायचा. सायकलवर, एसटीनं, कडब्याच्या गाडीवर बसून, कसाही. तोवर दुसऱ्या पेपरांत ती बातमी येऊन शिळी झालेली असायची. मग आप्पांची यायची, आणि लोक म्हणायचे, हां, म्हणजे खरं होतं तर.

चुकलं तर ‘आमची चूक’ अशी चौकट यायची. ती छापून त्यांचं भागायचं नाही. पेपर हातात देताना गिऱ्हाइकाला स्वतः सांगायचे, “तिसऱ्या पानावर माझी चूक आलीय, तेवढी बघा.” मला हे नाटक वाटायचं. चूक सांगून भाव खाणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. आमच्या कार्यालयात चूक व्हायचीच नाही. फार तर ‘सुधारित पत्रक’ निघायचं.

हे सगळं बाहेरच राहिलं असतं तर मी सहन केलं असतं. ते घरात आलं. उन्हाळ्यात नळाला पाणी कधी येणार हे पत्रकातून मीच जाहीर करायचो. पत्रक लिहिणारा नवरा समोर बसलेला, आणि बायको पिंप धुवायचं की नाही हे ठरवायला सकाळच्या पेपरची वाट बघायची. एकदा मी म्हणालो, अगं, मंगळवारी पाणी येणार आहे, मीच लिहिलंय.

“तुम्ही लिहिलंय ते बरोबरच असेल,” ती म्हणाली. “आप्पा काय म्हणतात ते बघते.”

पेपरात होतं, ‘मंगळवारी पाणी येणार असे समजते. ऐकीव.’ तिनं शेजारणीकडून भरल्या घागरी उसन्या आणून ठेवल्या. मंगळवारी पाणी आलं नाही. त्या दिवशी जेवताना भाजीत मीठ कमी होतं, ते मी सांगितलं नाही.

बायकोनं दुसऱ्या कुणाची तारीफ केली तर नवऱ्याला राग येतो, हे तुम्हाला ठाऊक असेल. ही तारीफ करत नव्हती, भरवसा ठेवत होती. ते जास्त लागतं.

आप्पा साधुपुरुष असते तर माझं दुःख हलकं झालं असतं. साधूंचा हेवा कुणी करत नाही. हे चांगले चिडके होते. कुणी पेपर बंद केला तर महिनाभर त्याला ओळख द्यायचे नाहीत. आणि खाण्याचे शौकीन. एकदा आम्ही पत्रकारांचा दौरा काढला, दुष्काळी कामं दाखवायला. पाझर तलाव दाखवला, नाल्याचा बांध दाखवला, आणि दुपारी डाकबंगल्यावर जेवण ठेवलं. जिलबी होती. सगळ्यांत जास्त जिलबी आप्पांनी खाल्ली. आचाऱ्याला बोलावून शाबासकी दिली आणि घरी न्यायलाही कागदात बांधून घेतली. मी मनातून खूश झालो. म्हटलं, आता हे आपले झाले.

बातमी आली ती अशी: ‘पाझर तलावाचे काम बंदच असते. दौऱ्यापुरते मजूर आणून उभे केले होते, असे सदरहू मजुरांनीच सांगितले. जेवण चांगले होते. जिलबी वार्ताहराने स्वतः खाल्ली आहे.’

सगळं लातूर हसलं. मला वरून खुलासा मागितला गेला. मी तणतणत दुकानावर गेलो आणि म्हणालो, आप्पा, आमचं मीठ खाऊन हे काय लिहिलंत?

“मग काय जिलबी चांगली न्हवती म्हणून लिहू का आता?” ते म्हणाले. त्यांना माझ्या रागाचं कारण खरोखरच समजलं नव्हतं.

दुष्काळ वाढत गेला तशी बोलाचाली वाढत गेली. आमच्या जिल्ह्याची जबाबदारी असलेले मंत्री एका सभेत म्हणाले की निम्मा दुष्काळ आभाळातून आलाय आणि निम्मा पेपरच्या शाईतून. यावर पेपरांत उलटसुलट छापून आलं. हॉटेलांतून वाद व्हायला लागले. सरकार खोटं बोलतं की पेपर, यावर चहा थंड व्हायचे. शेवटी वाचनालयाच्या मंडळींनी जाहीर चर्चा ठेवली. विषय होता, वर्तमानपत्रांवर विश्वास किती ठेवावा. मंत्र्यांनी यायचं कबूल केलं, आणि त्यांच्या भाषणाचे मुद्दे काढायचं काम माझ्याकडं आलं.

आणि त्याच आठवड्यात आप्पा चुकले.

गावाचं खरं नाव सांगत नाही, आपण बोरगव्हाण म्हणू. बोरगव्हाण दोन आहेत, थोरलं ते बुद्रुक आणि धाकटं ते खुर्द, मधे एक माळ. आप्पांची बातमी आली की बोरगव्हाण बुद्रुकला टँकर येत नाही, बायका दोर धरून विहिरीत उतरतात आणि वाटीवाटीनं पाणी भरतात. खाली ओळ: ‘हे वार्ताहराने स्वतः पाहिले आहे.’

बुद्रुकला टँकर रोज जात होता. माझ्याच पत्रकात तसं स्वच्छ लिहिलेलं होतं. बुद्रुकचे सरपंच पेपर घेऊन तावातावानं तहसीलवर आले, हा माणूस आमच्याकडं आलाच नाही, खुर्दला गेला असेल, म्हणाले, आणि मला ते कळल्यावर मी बायकोला मुद्दाम सांगितलं. ती म्हणाली, “काहीतरी घोटाळा झाला असेल.” मी म्हणालो, हो, तेच म्हणतोय मी.

भाषणाचे मुद्दे मी त्या दिवशी फार मन लावून लिहिले. त्यात एक वाक्य असं जमून आलं की ते मी पुन्हा पुन्हा वाचून बघितलं: ‘ज्याला बुद्रुक आणि खुर्द यांतला फरक कळत नाही, त्यानं खरं आणि खोटं यांतला फरक लोकांना शिकवू नये.’

चर्चा वाचनालयाच्या मैदानात होती. दिवेलागणीपासूनच माणसं जमली होती, उदगीर-निलंग्याकडूनही काही आले होते. वकील बोलले, प्राध्यापक बोलले. मग मंत्री उठले. त्यांनी बातमी वाचून दाखवली आणि बुद्रुकच्या सरपंचांना उभं केलं. सरपंच म्हणाले, आमच्याकडं टँकर रोज येतो, आणि ही बातमी आल्यापासून तर रोज दोन यायलेत. लोक मोठ्यानं हसले. तहसीलनं घाबरून आणखी एक टँकर बुद्रुकला पाठवला होता. मला तेव्हाही त्यातलं बोचणारं तेवढं बोचलंच: माझं पत्रक फायलीत होतं, तरी सरकारनंसुद्धा विश्वास ठेवला तो आप्पांच्या बातमीवर.

मग मंत्र्यांनी माझं वाक्य म्हटलं. टाळ्या पडल्या, पार मागच्या रांगेपर्यंत. माझ्या लिहिण्याला टाळी पडताना मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. मी बायकांच्या बाजूला बघितलं. माझी बायको टाळ्या वाजवत नव्हती. ती आप्पा बसले होते तिकडं बघत होती.

आप्पा उठले. त्यांना माइक देऊ केला तो त्यांनी घेतला नाही. त्यांचा आवाज तसाही मोठा होता, आणि त्याचा त्यांना अभिमानही होता. त्या दिवशी मात्र तो लहान झाला होता, आणि लोकांना गप्प बसावं लागलं.

“साहेब बरोबर बोलले,” ते म्हणाले. “चूक माझीच हाय. बुद्रुक न्हवं, खुर्द. मी गेल्तो खुर्दला, बघितलं खुर्दला, आन लिहिताना बुद्रुक लिहून बसलो. बघून बी चुकतंय माणूस. सरपंचांची माफी मागतो. उद्याच्या पेपरात पहिल्या पानावर ही चूक येईल. न्हाई आली तर माझ्याकडचा पेपर घेऊ नका.”

कुणी हसलं नाही. मला वाटलं, संपलं. ते खाली बसतील. पण ते उभेच राहिले.

“माझी चूक मी सांगितली. आता खुर्दला टँकर जातोय का, एवढं साहेबांनी सांगावं.”

मंत्र्यांनी मागं वळून अधिकाऱ्यांकडं बघितलं. अधिकाऱ्यांनी माझ्याकडं. माझ्या हातात पत्रक होतं आणि पत्रकात ‘सर्व टंचाईग्रस्त गावे’ असे शब्द होते. मी मान हलवली. ती हलवलेली मान वर जाता जाता मंत्र्यांपर्यंत पोचली.

“जातोय,” मंत्री म्हणाले.

आप्पांचा चष्मा कपाळावर गेला. हात मात्र त्यांनी वर केला नाही, मंत्र्यांचा मान राखला असेल. अगदी हळू विचारलं, “बघितलं का ऐकलं, साहेब?”

मंत्र्यांना काहीही बोलून वेळ मारून नेता आली असती, त्यांचा तो धंदाच होता. पण ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, “ऐकलं.” आणि मग म्हणाले, “उद्या सकाळी बघायला जाऊ. तुम्हीही चला.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या मंत्र्यांसाठी होत्या की आप्पांसाठी हे सांगता येत नव्हतं. माझ्या वाक्यासाठी नव्हत्या एवढं नक्की. चूक करावी यानं, पकडली जावी भर सभेत, आणि तरी सभा यानंच न्यावी, हे माझ्या काही केल्या गळी उतरत नव्हतं. चूकसुद्धा त्यांना शोभून दिसत होती. घरी जाताना बायकोची चाल हलकी झाली होती.

सकाळी आप्पा जीपच्या पुढच्या जागेवर आधीच बसलेले होते. मी म्हणालो, तुम्ही सायकलनं याल असं वाटलं. “जीप असताना उन्हात सायकल कशाला?” ते म्हणाले. सभा जिंकल्याची थोडी खुशी त्यांच्या चेहऱ्यावर होती, ती माझ्या नजरेतून सुटली नाही.

खुर्दला पोचलो. पंचवीस-तीस घरांचं गाव. विहिरीच्या तळाशी गढूळ डबकं, आणि त्याच्याभोवती घागरी घेऊन बसलेल्या बायका. टँकर आलेला नव्हता. कधीच आलेला नव्हता. मंत्र्यांना ते विचारावंही लागलं नाही.

गर्दीतून एक म्हातारी पुढं आली. मंत्र्यांना ओलांडून थेट आप्पांपुढं उभी राहिली.

“तुमीच ते पेपरवाले नव्हं? चार दिसांखाली येऊन हितंच बसल्ता.”

“हाव, मीच.”

“मग आमच्या गावाचं नाव का लिहिलं न्हाई?” ती म्हणाली. “तुमी लिहिताव म्हणून आमी टँकरची वाट बघत बसलो. टँकर माळावरून दिसला, तिकडं बुद्रुकला गेला. दुसऱ्या दिशी पुन्ना तिकडंच. माझी सून हिरीत उतरली अन् पाय घसरला. मांडीचं हाड मोडलंय. लातूरच्या दवाखान्यात हाय ती.”

मंत्री मधे पडले. बाई, ती चूक तहसीलची, असं काहीतरी म्हणायला लागले. खरं तर तसं म्हणता आलंही असतं.

“न्हाई साहेब,” आप्पा म्हणाले. “माझ्यामुळंच.”

आणि ते विहिरीच्या कठड्यावर बसले. कालपासूनची खुशी त्यांच्या चेहऱ्यावरून पुसून गेली होती. म्हातारी आणखी बरंच बोलली. माणसं बघायला येतात, लिहून नेतात, आणि धड नावही लिहीत नाहीत, असं ती बोलत होती, आणि हा माणूस मान खाली घालून ऐकत होता. शेवटी तीच थकली. घरात गेली, तांब्यात थोडं पाणी घेऊन आली. आप्पांनी हात जोडून नको म्हटलं.

“प्या,” ती म्हणाली. “रागाला आले म्हणून पाणी तोडणारी न्हाई मी.”

त्यांनी दोन घोट घेतले आणि तांब्या परत दिला.

मग तिनं मला विचारलं, तुमी कोण? मी म्हणालो, सरकारी. तिनं मान हलवली आणि नजर काढून घेतली, मैलाच्या दगडावरून काढतात तशी.

मित्रहो, खरा हेवा मला तिथं वाटला. टाळ्यांचा नाही. त्या बाईच्या रागाचा. माझ्या लिहिण्यावर जन्मात कुणी असं रागावलेलं नव्हतं. ‘सर्व टंचाईग्रस्त गावे’ हे मी लिहिलं होतं, आणि त्या ‘सर्व’ शब्दात तिचं गाव नव्हतं, तरी मला जाब विचारावा असं तिला वाटलं नाही. कारण माझ्या शब्दावर विसंबून ती वाट बघत बसलेलीच नव्हती. ज्याच्या शब्दाची माणसं वाट बघतात, त्याच्यावरच ती रागावतात. आप्पा कठड्यावर चिरडल्यासारखे बसले होते, आणि मी उभा राहून त्यांचा हेवा करत होतो.

टँकर त्याच दुपारपासून सुरू झाला. मंत्री तो येईपर्यंत तिथून हलले नाहीत. मी परत येऊन पत्रक लिहिलं आणि शेवटी हौसेनं एक ओळ टाकली, ‘कार्यालयाच्या प्रतिनिधीने हे स्वतः पाहिले आहे.’ आमच्या वरिष्ठांनी ती लाल पेन्सिलीनं खोडली. म्हणाले, “सरकार बघत नसतं. सरकार कळवत असतं.”

आप्पा त्या सुनेला भेटायला दवाखान्यात जायचे. तिकडं काय बोलायचे मला माहीत नाही. ती पुढं काठी घेऊन चालायला लागली एवढं कळलं. आप्पांचा आवाज मात्र काही महिने बसल्यासारखाच होता. तळहात आता पूर्वीसारखा ताडकन वर यायचा नाही.

एक दिवस संध्याकाळी ते माझ्या घरी आले. खिशातून बातमीचे कागद काढले आणि माझ्यापुढं धरले.

“तुमचं मराठी चांगलं हाय, साहेब. नांदेडला पाठवायच्या आधी एकदा वाचून बघत जावा. कुठं खुर्दचं बुद्रुक व्हायलंय का.”

मी चकित झालो. मी सरकारचा माणूस, आणि ते सरकारविरुद्धची बातमी मला तपासायला देत होते. मी म्हणालो, आप्पा, मी त्यातलं काही बदललं तर?

“बदललं तर सकाळी मला दिसेलच की,” ते म्हणाले. “मीच विकतो ना.”

मग ते रोजचंच झालं. ते कागद द्यायचे, बायको चहा ठेवायची, मी वाचायचो. गावांची नावं पुन्हा पुन्हा विचारून घ्यायचो. ‘खु.’ आणि ‘बु.’ लिहू द्यायचो नाही, पुरता शब्द लिहायला लावायचो. ऱ्हस्वदीर्घ नीट करायचो, ‘सदरहू’ निम्मे काढून टाकायचो. आणि सकाळी स्टँडसमोर लोकांना तो पेपर उघडताना बघायचो. माझी वेलांटी, माझा उकार लोकांनी खरोखर वाचला तो त्या बातम्यांत, दुसऱ्याच्या नावाखाली. ते सुख होतं की जळणं होतं, मला अजून नीट सांगता येत नाही. बायकोला एकदा म्हणालो की आजच्या बातमीतलं दुसरं वाक्य माझं आहे. ती म्हणाली, “हो, ते जरा अवघड वाटलं.”

पुढं पाऊस बरा झाला. निवडणूक आली. नांदेडच्या त्या दैनिकाच्या मालकांचा भाऊ उभा राहिला, आणि त्याची लातूर भागात एक सभा झाली. आप्पांनी लिहिलं की सभेला माणसं थोडी होती आणि खुर्च्या पुष्कळ. मी ती बातमी वाचली आणि त्यांना म्हणालो, ही नका पाठवू. ते म्हणाले, त्यात चूक काय हाय ती दाखवा. चूक काहीच नव्हती. एक वेलांटी होती, ती मी नीट केली.

बातमी छापून आली नाही, आणि वार्ताहरांच्या यादीतून आप्पांचं नाव काढलं गेलं. एजन्सी तेवढी राहिली. आता ते ज्यात लिहीत नव्हते तो पेपर विकत होते. लोक विचारायचे, आप्पा, हे खरं का? ते म्हणायचे, “मला ठाऊक न्हाई. मी गेलो न्हाई.” पेपराचा खप घटला. संध्याकाळी ते घरी यायचे बंद झाले. बायको कितीतरी दिवस एक कप जास्त चहा टाकत होती.

मग माझी नांदेडला बदली झाली. तिथं मी चांगली बारा-तेरा वर्षं पत्रकं लिहिली. कुणी रागावलं नाही.

आप्पा गेल्याचं लातूरच्या शेजारणीनं फोन करून बायकोला सांगितलं. मी काही म्हणायच्या आधी तिनं पिशवी भरली होती. सकाळच्या गाडीनं निघालो. लातूरच्या स्टँडवर उतरल्यावर मी मोठा गुलाबाचा हार घेतला, दुकानातला सगळ्यांत मोठा.

त्यांच्या लिंगायत समाजात गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. बसवून, फुलांनी सजवून, गावातून नेतात. आप्पांना तसंच एका उघड्या गाडीवर बसवलेलं होतं, कपाळभर विभूती, चेहरा लोकांकडं. पुढं भजन चाललं होतं. गाडी थोडी चालायची की थांबायची, कारण दर थोड्या अंतरावर माणसं हार घेऊन उभी होती. व्यापारी, हमाल, शाळेचे मास्तर, खेड्यांतून आलेल्या बायका. अर्धी शटरं खाली आलेली. माझ्या मनात आलं, मी गेलो की कार्यालयाकडून एक हार येईल आणि चार ओळींचं पत्रक निघेल. अशा वेळी असं मनात यायला नको, पण आलं.

मी हार घेऊन गर्दीत शिरलो. जवळ जायचो तोवर गाडी पुढं सरकायची. पुढं पळून उभा राहायचो तर तिथं आधीच रांग असायची. बायको मागून म्हणत होती, थांबा जरा, मिळेल. चौक गेला, पेठ गेली, शेवटची घरं गेली. मग भजनाचा आवाज मोठा झाला आणि गाडी वळणावरून स्मशानभूमीत गेली.

मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. हार माझ्या हातातच राहिला होता.